लुकैमातचा धंदा : मगरिबच्या आधीचा एक तास

रमजान जवळ आला की मोहल्ल्यातल्या दोन-चार घरांत तरी काहीतरी करून विकण्याची बोलणी सुरू होतात. कोणी समोसे करतो, कोणी फालुद्याचे ग्लास भरतो, कोणी खिमा-पॅटिस. २०२२ साली आमच्या घरात लुकैमातची गोष्ट निघाली. आमचे थोरले भाऊ कुवेतला अकरा वर्षे नोकरीला होते. तिथे रमजानच्या दस्तरखानावर हा पदार्थ हटकून असतो, आणि सुट्टीवर आले की ते त्याचीच आठवण काढीत. भाभींनी तो शिकून घेतला होता. घरात सर्वांना आवडत होता. मैदा, साखर, तेल आणि चिमूटभर यीस्ट एवढेच सामान. आमच्या चिपळूणकडच्या भागात हा जिन्नस विकणारा दुसरा कोणी नव्हता. मग हरकत काय?

हरकत पहिल्याच दिवशी कळली. पंचेचाळीस डब्यांची मागणी आली होती. आम्ही पाच किलो मैदा एकदमच भिजवला. जोहरच्या नमाजनंतर दोन शेगड्यांवर दोन कढया चढवल्या, त्या असर होऊन गेली तरी उतरल्या नव्हत्या. तळलेले गोळे लगेच पाकात घोळवले, झाकणाच्या डब्यांत भरले आणि मुलांनी ते सायकलवरून पोहोचवले. इफ्तारला लोकांनी डबे उघडले तेव्हा आत मऊ पडलेले, चिकट, तेलकट गोळे निघाले. एक शेजारी चाचा हसत म्हणाले, "भाभी, हे लुकैमात की गुलाबजाम?" ते हसले, पण सगळे हसले नाहीत. निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांना पैसे परत द्यावे लागले. त्या रात्री तरावीहनंतर घरात जो हिशेब झाला, त्यातून आम्ही जे शिकलो ते येथे लिहीत आहोत. ज्या घरांना हा किंवा असा दुसरा आंबवून तळलेला गोड पदार्थ विकायचा आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी हा पदार्थ काय आहे ते सांगू. लुकैमात म्हणजे छोटे घास. लुकमा हा शब्द आपल्याकडेही आहेच. आखातात त्याला लुकैमात म्हणतात, इराकमध्ये लुक्मत-उल-काझी, म्हणजे काझीचा घास. शाम भागात, म्हणजे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईनकडे, अव्वामा म्हणतात, कारण तो तेलावर तरंगतो. तुर्कस्तानात लोकमा. तिथे इझमीरकडे कोणी वारले तर त्यांच्या नावाने रस्त्यावर मोठी कढई लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला लोकमा वाटण्याची रीत आहे. पदार्थ जुना आहे. बगदादच्या महंमद बिन हसन अल-बगदादी यांनी १२२६ साली लिहिलेल्या पाकपुस्तकात तो आहे. त्या वेळी पीठ घट्ट मळीत, ते आंबले की पहाडी बदामाएवढ्या गोळ्या करून तिळाच्या तेलात तळीत आणि पाकात बुडवून वर दळलेली साखर भुरभुरवीत. इब्न बतूता यांनीही चौदाव्या शतकात मुलतानहून दिल्लीकडे येतानाच्या मेजवानीच्या वर्णनात हे नाव घेतले आहे. म्हणजे आपल्याकडे हा पाहुणा नवा नाही, मधल्या काळात विसरला गेला एवढेच.

आज आखातातल्या घरांत पीठ घट्ट मळत नाहीत, भज्यांच्या पिठाहून थोडे दाट ठेवतात. घरच्या बाईला हाच मोठा फायदा आहे. बेकरीतल्या डोनटला पीठ मळा, लाटा, कापा, पुन्हा फुगू द्या, एवढा खटाटोप असतो, आणि जागाही लागते. येथे एक पातेले, एक कढई आणि सराईत हात पुरतो.

आमचे सध्याचे माप असे आहे. मैदा एक किलो, कॉर्नफ्लॉवर शंभर ग्रॅम, दूध पावडर पन्नास ग्रॅम, साखर चाळीस ग्रॅम, मीठ दहा ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट बारा ग्रॅम, आणि एक लिटरभर कोमट पाणी. मैद्याच्या जातीप्रमाणे पाणी अर्धी वाटी कमी-जास्त होते. वेलची आणि केशर आपल्या ऐपतीप्रमाणे. आम्ही वाटीचे माप सोडून तराजूवर आलो, त्याला एक कारण आहे. रमजानमध्ये करणारीचा रोजा असतो, चाखून पाहता येत नाही. मीठ विसरले की दुप्पट पडले हे इफ्तारलाच, तेही गिऱ्हाइकाला कळणार. आमच्याकडे एकदा तसे झाले आहे. तेव्हापासून सुके सामान आदल्या रात्री, जेवणखाण झाल्यावर, किलोकिलोच्या पुड्यांत तोलून ठेवतो. त्यात यीस्ट मात्र घालीत नाही.

यीस्टबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण सारा खेळ तिचा आहे. यीस्ट हा जिवंत सूक्ष्मजीव आहे. पिठातली साखर खाऊन तो वायू सोडतो आणि त्या वायूने पीठ फुगते. पाणी बोटाला सुखाने सोसेल इतकेच कोमट हवे. चटका बसेल असे पाणी ओतले तर यीस्ट मरते आणि मग तासन्‌तास वाट पाहिली तरी पीठ हलत नाही. उघडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावे. जुन्या पाकिटाचा भरवसा नसेल तर चमचाभर यीस्ट कोमट पाण्यात चिमूट साखर घालून दहा मिनिटे ठेवा. वर फेस आला तर ती कामाची, नाहीतर फेकून द्या. चार पैशांच्या यीस्टपायी किलोभर मैदा घालवण्यात शहाणपण नाही. पिठात साखर जास्त घातली की पदार्थ अधिक गोड होईल असे काहींना वाटते. पण फार साखरेने यीस्टचे काम मंदावते आणि गोळे आतून शिजण्याआधी बाहेरून काळे पडतात. गोडवा पाकाने आणावा.

पीठ हाताने चार-पाच मिनिटे चांगले फेटावे, म्हणजे त्याला चिवटपणा येतो. मग झाकून ठेवावे. किती वेळ? येथे पुस्तकातला 'एक तास' कामाचा नाही. आम्ही फसलो ते इथेच. तो रमजान एप्रिलमध्ये होता. कोकणातल्या एप्रिलच्या दुपारी आमचे पीठ पाऊण तासात दुप्पट झाले होते. पाच किलो एकदम भिजवलेले. पहिला किलो तळून होईपर्यंत शेवटचा किलो आंबून आंबट झाला, त्यातला वायू निघून गेला आणि पीठ पातळ पडले. असे पीठ तेलात सोडले की गोळा फुगत नाही, चपटा राहतो आणि तेल पितो. आता आम्ही एका वेळी एकच किलो भिजवतो आणि पुढचा किलो पंचवीस-तीस मिनिटांच्या अंतराने. प्रत्येक पातेल्यावर खडूने वेळ लिहितो.

आणखी एक गोष्ट धंदेवाल्याने ध्यानात ठेवावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०१७ साली तो मेच्या अखेरीस सुरू झाला होता, २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान आणि डिसेंबरमध्ये दुसरा सुरू होईल. म्हणजे ज्या पिठाला आम्ही पाऊण तास दिला, त्याच पिठाला थंडीत दीड तास द्यावा लागेल, घाटावर त्याहूनही जास्त. गेल्या वर्षीच्या वहीतली वेळ तशीच उतरवून घेणारा फसणार. पीठ दुप्पट झाले का आणि वर बुडबुडे दिसतात का, हे डोळ्यांनी पाहावे.

तळण्याची रीत सांगून समजते थोडी, हाताला कळते अधिक. डाव्या मुठीत पीठ घ्यायचे, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून सुपारीएवढा गोळा वर काढायचा आणि तेलात बुडवलेल्या चमच्याने उचलून अलगद सोडायचा. चमचा प्रत्येक वेळी तेलात बुडवला नाही तर पीठ चिकटते आणि गोळ्याला शेपटी येते. तेल मध्यम तापलेले हवे. पिठाचा थेंब टाकला की तो तळाशी जाऊन लगेच वर यावा, पण येताच लाल होऊ नये. तेल फार तापले असेल तर वरून रंग येतो आणि आत कच्चे राहते; कमी तापले असेल तर गोळा तेल पितो. गोळे हलके असल्याने एकाच कुशीवर तरंगत राहतात. म्हणून झारा कढईत सारखा गोल फिरवीत राहायचे, म्हणजे ते लोळतात आणि रंग चहूबाजूंनी सारखा चढतो. हे फिरवणे थांबवून फोन घ्यायला गेलेल्या माणसाचा घाणा ओळखू येतो. एक बाजू काळी, दुसरी पांढरी.

पाकासाठी एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, लिंबाचा चमचाभर रस, आठ-दहा मिनिटे उकळी. बोटाला चिकट लागला की उतरवावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. गोळे गरम आणि पाक गार, हा नियम मोडू नये. दोन्ही गरम असतील तर वरचे कवच तिथेच मऊ पडते. आखातात पुष्कळ घरांत साखरेच्या पाकाऐवजी खजुराचा रस, ज्याला दिब्स म्हणतात, तो वरून ओततात आणि तीळ भुरभुरवतात. चव फार छान लागते, पण आपल्याकडे तो महाग पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमचे गोळे मऊ का पडले? आतून ते ओलसर आणि बाहेरून कोरडे कुरकुरीत असतात. तळून काढल्या क्षणापासून आतला ओलावा बाहेरच्या कवचाकडे सरकू लागतो. वर पाक घातला, गरम असतानाच झाकण लावले, की वाफही आत कोंडते. तासाभरात कुरकुरीतपणा गेला. समोसा दोन तास तग धरतो. लुकैमात धरीत नाही. म्हणून हा पदार्थ असरला तळून मगरिबला विकता येत नाही. मगरिबच्या आधीच्या एका तासातच तो तयार झाला पाहिजे. विकायला माल किती आहे हे मागणीवरून ठरत नाही, त्या एका तासात कढईतून किती निघते यावरून ठरते.

मग ते मोजले. एक किलो मैद्याचे आमच्या मापाने सुमारे १८० गोळे होतात. वीस गोळ्यांचा एक डबा धरला तर नऊ डबे. आमच्या कढईत एका घाण्याला वीस गोळे मोकळे फिरतात आणि घाण्याला सात मिनिटे लागतात. नऊ घाणे म्हणजे त्रेसष्ट मिनिटे. एका कढईवर, शेवटच्या तासात, फक्त नऊ डबे! दोन कढयांवर अठरा. आणि आम्ही पंचेचाळीस डब्यांचे पैसे घेऊन बसलो होतो. हे गणित पाटीवर मांडले तेव्हा कोणी काही बोलले नाही. चौथीतल्या मुलालाही जमेल असा तो हिशेब होता, आणि तो धंदा सुरू करण्याआधी कोणीच मांडला नव्हता.

तोड शामी पद्धतीत मिळाली. तिकडे अव्वामा पुष्कळ ठिकाणी दोनदा तळतात. पहिल्यांदा मंद आंचेवर चार-पाच मिनिटे, नुसता फिकट रंग येईपर्यंत. मग ते जाळीवर पसरून गार करतात. विकायच्या वेळी तेल अधिक तापवून दुसऱ्यांदा अडीच-तीन मिनिटे तळतात आणि लगेच पाकात टाकतात. दुसऱ्या तळणीत गोळे शिजलेलेच असतात, फुगायचेही नसतात, त्यामुळे एका घाण्याला चाळीस बसतात. म्हणजे एका किलोचे पाच घाणे, पंधरा मिनिटांत काम संपले. हिशेबाने एका कढईवर तासात चार किलो निघावेत. मोजणे, भरणे, तेल पुन्हा तापणे धरून आम्ही तीनच किलो धरतो. तरी सत्तावीस डबे झाले, नवाच्या तिप्पट. शिवाय कवच दोनदा भाजले गेल्याने ते अधिक काळ टिकते. पहिली तळणी असरच्या आधी निवांत उरकता येते. पाक आता आम्ही डब्यात घालीत नाही. लहान वाटीत वेगळा देतो आणि दस्तरखानावर बसल्यावर ओतायला सांगतो. डब्याच्या झाकणाला दोन भोके पाडतो. एवढ्याने तक्रारी जवळजवळ बंद झाल्या.

तेलाचा खर्च बहुतेकजण अंदाजाने धरतात आणि तिथे बुडतात. कढईतले तेल तळण्याआधी तोलावे, निवल्यावर पुन्हा तोलावे. जे कमी भरले ते गिऱ्हाइकाच्या पोटात गेले. त्याची किंमत डब्यावर पडली पाहिजे. आमच्याकडे किलो मैद्यामागे पाव किलोच्या वर तेल जाते. आंबट पिठाच्या पहिल्या दिवशी ते किती गेले असेल, त्याचा हिशेब आम्ही केलाच नाही. उरलेले तेल गाळून एक-दोनदा वापरता येते. पण काळे पडले, फेस धरू लागले, धूर लवकर येऊ लागला की ते संपले असे समजावे. वापरलेल्या तेलातील खराब घटकांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेले तर ते खाण्यासाठी वापरता येत नाही, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात ते मोजण्याचे यंत्र नसते, म्हणून डोळे आणि नाक यांवर विश्वास ठेवावा आणि शंका आली की तेल बदलावे.

कागदपत्रांचेही बोलू. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. लहान धंद्याची नोंदणी फार कठीण नाही. आम्ही ती दुसऱ्या वर्षी केली. पहिल्याच वर्षी करायला हवी होती. तसेच घरगुती गॅसचे सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागते आणि त्याचा दर वेगळा असतो. तो हिशेबात धरूनच डब्याची किंमत ठरवावी.

आणि मजुरी. आमच्या पहिल्या वर्षीच्या वहीत मैदा होता, साखर होती, डबे होते, सायकलच्या पंक्चरचे पैसेसुद्धा होते. मजुरीचा रकाना नव्हता. महिन्याच्या शेवटी जी रक्कम शिल्लक दिसली तिला आम्ही नफा म्हणालो. भाभी, अम्मी आणि धाकटी बहीण अशा तिघी रोज चार तास शेगडीपुढे उभ्या होत्या, म्हणजे बारा तास. तेवढ्या तासांना आमच्या गावात जी मजुरी मिळाली असती ती लावली तेव्हा शिल्लक उलटी निघाली. घरच्या बाईचे काम फुकट धरून ठेवलेली किंमत फार स्वस्त वाटते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पुढच्या वर्षी खरी किंमत सांगितली की 'महाग केले' असे ऐकावे लागते. आम्हाला ऐकावे लागले. काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली ती अजून आहेत. दर वाढवायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून खरा ठेवावा, हे आमचे मत आहे. काही व्यापारी बांधव म्हणतात की आधी स्वस्त देऊन गिऱ्हाईक जोडावे. दुकानात ते चालत असेल. येथे एका तासात जेवढे निघते त्यापलीकडे माल वाढवताच येत नाही. मग जास्त गिऱ्हाईक जोडून करायचे काय?

उधारीला आम्ही थारा देत नाही. मागणी सकाळी दहापर्यंत घेतो, पैसे आगाऊ. त्यावरून किती किलो भिजवायचे ते ठरते आणि सत्तावीस डबे भरले की वही बंद होते. अठ्ठाविसाव्या माणसाला नाही म्हणताना पहिल्या वर्षी जीव जड व्हायचा. तो दुसऱ्या दिवशी नऊ वाजताच येतो असा आता अनुभव आहे.

रमजान संपला की मागणी एकदम उतरते. ईदनंतर साखरपुडा, अकीका अशा कार्यक्रमांत आम्ही कढई घेऊन जागेवरच तळून देतो. त्यात मऊ पडण्याची भीतीच नाही, आणि लोकांना कढईतले लोळते गोळे पाहायला मजा वाटते. त्याचा दर तासावर ठरवतो.

एक नियम मात्र गिऱ्हाइकांसाठी नसून आमच्या स्वतःसाठी आहे. पहिल्या वर्षी एकदा अजान झाली तेव्हा भाभींच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हातात खजूर. कढईत घाणा होता, तो सोडता येत नव्हता. त्यांनी उभ्याउभ्या, घामाने भिजलेल्या, धुरात रोजा सोडला आणि घाणा उतरवूनच पाणी प्यायल्या. आत दस्तरखानावर आम्ही सगळे बसलेलो होतो. दुसऱ्या वर्षापासून मगरिबच्या पंधरा मिनिटे आधी शेगडी बंद होते. शेवटचे डबे घ्यायला येणाऱ्याने त्याआधी यायचे. उशीर झाला तर डबा ठेवलेला असतो, पण तो इफ्तारनंतर मिळतो.